कोलकाता ते आगरतळा : अंतर किती?

नकाशावर फूटपट्टी ठेवली तर कोलकाता ते आगरतळा हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे मुंबई-नागपूरच्या निम्म्याहूनही कमी. विमान तासाभरात पोचवते. खिडकीतून दिसणाऱ्या नद्या आणि भातशेते बहुतेक बांगलादेशातली असतात. पण पारपत्र कोणी विचारत नाही.

हाच प्रवास रेल्वेने करायचा तर आधी उत्तरेला सिलिगुडीची चिंचोळी पट्टी गाठायची, मग आसाम ओलांडून पुन्हा दक्षिणेला उतरायचे. सुमारे दीड हजार किलोमीटर आणि दीड दिवस. 1947 पूर्वी असे नव्हते. आगरतळ्याहून काही किलोमीटरवरचे आखाउडा स्थानक हीच त्रिपुरा संस्थानाची रेल्वेची वाट होती. फाळणीत ते स्थानक पलीकडे गेले. मागे उरला तो महाराजा बीरबिक्रम यांच्या कारकिर्दीत, 1942 साली, उभा राहिलेला विमानतळ, तोही अगदी सीमेलगत. भारतीय रेल्वे आगरतळ्यात पोचली ती 2008 मध्ये, मीटरगेजने. ब्रॉडगेज त्यानंतर आठ वर्षांनी.

त्या आठ वर्षांतली एक नस्ती माझ्या चांगली लक्षात आहे. एका कर्मचाऱ्याने आजारी पत्नीला आगरतळ्याहून विमानाने कोलकात्याला नेले होते. खर्चाच्या प्रतिपूर्तीवर शेरा होता : दोन शहरांतील अंतर पाहता विमानप्रवास अनुज्ञेय नाही. शेरा लिहिणारा दुष्ट नव्हता. त्याच्यापुढे तक्ता होता आणि तक्त्यात फक्त किलोमीटर होते, तेही सरळ रेषेतले! मी नकाशाची छायाप्रत जोडली, रेल्वेला लागणारे तास लिहिले आणि नस्ती वर पाठवली. मंजुरी आली सात महिन्यांनी. तोवर त्या गृहस्थांनी भविष्यनिर्वाह निधीतून अग्रिम काढला होता.

वजनदार वस्तूंना तर विमानाचीही सोय नाही. त्रिपुरातील पालाटाना येथे 726 मेगावॉटचे वीज केंद्र उभारताना अवजड यंत्रे आसामच्या डोंगरी रस्त्याने नेणे अशक्य ठरले. बांगलादेशाने आशुगंज बंदरातून वाट दिली, 2013 मध्ये केंद्राचे उद्घाटन झाले आणि 2016 पासून त्रिपुरातून बांगलादेशाला 100 मेगावॉट वीज जाऊ लागली. सीमेवरचा असा व्यवहार मला कोणत्याही परिषदेपेक्षा अधिक बोलका वाटतो. असो.

1 नोव्हेंबर 2023 रोजी आगरतळा-आखाउडा या सुमारे सव्वाबारा किलोमीटरच्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. त्यावरून ढाकामार्गे कोलकात्याला थेट गाडी नियमित धावू लागली, तर दीड हजारांचे अंतर पाचशेच्या आसपास येईल. तोपर्यंत आगरतळ्याच्या रुग्णाला कोलकाता जवळ आहे ते विमानाचे तिकीट परवडले तरच, आणि दुर्गापूजेच्या दिवसांत तेही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाते.