रॅक की सुटे स्टँड?

नातवाच्या ड्रमसेटसाठी रॅक घ्यावा की सुटे स्टँड, यावरून घरात दोन तट पडले. साठवलेले पैसे त्याचेच असल्याने नुसता नकार देणे योग्य नव्हते. म्हणून दोघांनी मिळून हिशेब मांडला.

रॅक म्हणजे वादकाभोवती उभी केलेली नळ्यांची चौकट. क्लॅम्प लावून तिच्यावर टॉम व झांजा बसवतात. १९८०च्या दशकात अमेरिकन वादक जेफ पोर्कारो यांच्या कल्पनेतून पर्ल कंपनीने असा रॅक बाजारात आणला. क्लॅम्पच्या जागा एकदा पक्क्या केल्या की प्रत्येक वेळी मांडणी तंतोतंत जुळते; झांजा वाढल्या तरी तिपायांची गर्दी होत नाही. मात्र चौकट अवजड असते, आणि ती घेतली तरी स्नेअर व हाय-हॅट यांचे स्टँड बहुधा लागतातच.

नातवाचा संच पाच ड्रमांचा, झांजा दोन. दोन्ही टॉम बास ड्रमवरच बसतात. शिवाय भक्तिसंध्येसाठी सारे सामान रिक्षातून सभागृहात न्यावे लागते. व्यापाऱ्याच्या भाषेत रॅक हे स्थिर भांडवल, तर सुटे स्टँड खेळते भांडवल. गरजेनुसार एकेक वाढवता येतात. संच मोठा झाला आणि त्याला कायमची जागा मिळाली, तर रॅकचा विचार अवश्य करावा, असे ठरले.

नातवाने स्वतःच यादीतून रॅक खोडला. परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ त्याला यापूर्वी पाठशाळेत सांगितला होता. या वेळी तो त्याने स्वतः मोजून पाहिला, याचे मला समाधान वाटले.