डावी बगल

आमच्या भावकीचं गुऱ्हाळ भोगावतीच्या काठाला होतं. दिवाळीच्या आगंमागं चुलवाण पेटायचं ते होळी झाल्यावरच विझायचं. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगामही साधारण ह्याच दिवसांत भरात यायचा, त्यामुळं गूळ आणि फुटबॉल आमच्याकडं एकाच जागी शिजायचे.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. कोल्हापूर म्हटलं की त्याला कुस्ती आठवते. पण ज्या तालमींत मल्ल घडले, त्याच तालमींच्या आणि मंडळांच्या नावानं इथं फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठा ओस पडतात. पेठेतल्या माणसाला त्याचा संघ जन्मानंच मिळतो. आम्हा खेड्यातल्यांना तो कुठून तरी चिकटायचा. कुणाची बहीण त्या पेठेत दिलेली असायची, कुणाची अडत तिथल्या माणसाकडं. आम्हाला चिकटला तो दादामुळं.

दादा म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, आबांचा पोरगा. कॉलेजसाठी शहरात आत्याकडं राहिला आणि पेठेतल्या पोरांबरोबर गांधी मैदानात खेळता खेळता तालमीच्या संघात गेला. तालमीचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून भेटतात, चहा पाजतात. दादा डाव्या बगलेला बॅक खेळायचा. गावातनं मोठ्या संघात गेलेला तो पहिलाच. त्यामुळं आमचं अख्खं गाव त्या तालमीचं झालं, आणि डाव्या बगलेची जबाबदारीही गावावर आली.

1993 चा तो हंगाम. आम्ही लागोपाठ तीन सामने हरलो. पुढची फळी गोल करत होती, पण एक केला की मागनं दोन खायचे. त्यातले निम्म्याहून जास्त डाव्या बगलेनं आत आलेले. स्टेडियमवर दादाला नाव पडलं, ‘भगदाड’. ते नाव सायकलीवरनं दुसऱ्या दिवशी गावात पोचलं.

रात्रीच्या आदणाला गुऱ्हाळावर माणसं जमायची. रस काहिलीत पडला की गूळ व्हायला अडीच-तीन तास. मळी काढून झाली, भेंडीचं पाणी पडलं, की बाकीच्यांना काम थोडं. गुळव्या आणि जळव्या सोडले तर सगळे मोकळे. चिपाडाच्या ढिगाला पाठ लावायची, ऊस सोलायचा आणि संघ दुरुस्त करायचा. मी आठवीत होतो. चिपाड ओढून द्यायचं काम माझ्याकडं, म्हणून तिथं बसायची मुभा.

टेम्पोवाल्याचा उपाय सरळ होता. ‘‘मागं पाच लावा. पाच माणसं हुबी केल्यावर जातंय कुटनं?’’

‘‘आन गोल कोण करणार? तुजा टेम्पो?’’ तात्या म्हणायचे. तात्या जुने पैलवान. त्यांच्या मते बॅकच्या अंगात ताकद पाहिजे, बाकी सगळं थोतांड. ‘‘पोराला रोज पाचशे बैठका मारायला लावा. अंगावर आला की आडवा.’’

मास्तरांचं वेगळंच. 1990 चा विश्वचषक त्यांनी रात्री जागून घरच्या टीव्हीवर बघितला होता आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडात इटलीच्या बारेसीचं नाव बसलं होतं. सगळ्यांच्या मागं एक मोकळा माणूस, कुणाला न धरणारा, निसटलेलं तेवढं गोळा करणारा. ‘‘इटलीनं पहिल्या पाच सामन्यांत एक गोल खाल्ला नाही. एक! सहाव्यात अर्जेंटिनाच्या कनिजियानं केला तेवढाच.’’

‘‘आन मग?’’

‘‘मग काय, पेनल्टीवर हरले.’’

‘‘म्हंजे मागचं सगळं झकास आसून बी हरलंच की वो,’’ जळव्या चुलवाणातनं डोकं न काढता म्हणाला. मास्तर त्याच्यावर दोन दिवस रुसले.

कुणी म्हणायचं, सगळ्या बॅकनी एकदम पुढं सरकायचं, समोरचा आपोआप आफसाईड. ह्यावर टेम्पोवाल्याचा प्रश्न ठरलेला: ‘‘लाईनमन कुठल्या पेठेचा हाय ते आदी बघा.’’

पण खरं दुखणं मास्तरांनीच नीट सांगितलं, हे मान्य करायला पाहिजे. दादाला एक सवय होती. दोघं अंगावर आले की चेंडू मागं गोलीकडं द्यायचा, गोली तो हातात घ्यायचा, संकट टळलं. वर्षानुवर्षं सगळे असंच खेळत आले होते. 1992 साली नियम बदलला. आपल्याच खेळाडूनं पायानं मुद्दाम मागं दिलेला चेंडू गोलीनं हातात घ्यायचा नाही. आता आमचा गोली म्हणजे हात लोखंडाचे आणि पाय लाकडाचे. मागं आलेला चेंडू तो जीव खाऊन लाथाडायचा, तो जायचा नेमका समोरच्याच्या छातीवर. मग त्याचा त्यानंच दादाला ओरडून सांगितलं की माझ्याकडं देऊ नकोस. मागं देता येत नाही, पुढं दोघं उभे. पोरगं तिथंच चेंडू घेऊन गोंधळायचं आणि भगदाड पडायचं.

एवढं सगळं चालायचं तेव्हा आबा काहिलीपाशी उभे असायचे. आमचे गुळव्या तेच. कधी फेसाचा रंग बघ, कधी पाक पाण्यात टाकून गोळी धरते का बघ. घटकाभर नजर हलली तर आख्खं आदण काळं पडतं, म्हणून हंगामात ते गाव सोडत नसत. पोराचा एकही सामना त्यांनी बघितला नव्हता. लोकही त्यांच्यासमोर दादाचं नाव घ्यायचे नाहीत. ‘डावी बगल’ म्हणायचे. जणू डावी बगल कुणाच्या पोटची नव्हतीच.

त्या रात्री मला काय अवदसा आठवली. मोठ्या माणसांत बसतो तर आपणही काही बोलावं असं वाटलं असेल. मी म्हणालो, ‘‘दादालाच बसवायला पायजे. भगदाड हाय त्यो.’’

कुणी हसलं नाही. चिपाड जळतानाचा आवाज तेवढा. तात्यांनी ऊस सोलायचा थांबवला. आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाक पाण्यात टाकला, बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाले, ‘‘उतरा.’’ चौघांनी काहील उचलून वाफ्यात कलती केली. सगळी कामाला लागली. मीही फावडं शोधायच्या निमित्तानं अंधारात गेलो आणि बराच वेळ आलो नाही.

पहाटे घरी जाताना आबा म्हणाले, ‘‘परवा गूळ घालायला जायाचंय. तू बी चल.’’

मार्केट यार्डात सकाळी सौदा झाला. तीस-तीस किलोचे रवे फोडून रंग बघणारे व्यापारी, रुमालाखाली बोटं, ते सगळं आटोपलं. मला वाटलं आता गावाकडं. आबा म्हणाले, ‘‘त्ये तुमचं स्टेडियम कुटं हाय?’’

आम्ही पायरीवर बसलो. धोतर, डोक्याला टॉवेल, मांडीवर काकवीची बाटली. चारी बाजूंनी हलग्या, शिट्ट्या. सामना सुरू झाला आणि पाच मिनिटांत मागनं पहिली हाक आली, ‘‘ए भगदाडा!’’ आबांनी मान वळवली नाही. मला तोंड कुठं लपवावं कळेना. पुढं बसलेला एकजण दादाच्या आईवरनं बोलला. म्हणजे माझ्या थोरल्या आईवरनं. आबांच्या हातातली बाटली जराशी हलली तेवढीच.

सगळं स्टेडियम चेंडू बघत होतं. आबा चेंडू बघतच नव्हते. चेंडू उजव्या टोकाला असला तरी ते डावीकडंच बघायचे. मध्यंतराच्या आधी गोल झाला, डाव्या बगलेनंच. लोक उठून बोंबलले. आबा बसूनच म्हणाले, ‘‘पोरगं एकटंच हाय की रं तितं.’’

मग मीही तिकडंच बघायला लागलो. दादाच्या पुढं खेळणारा हाफ पुढं धावायचा तो पुढंच राहायचा. चेंडू गेला की कमरेवर हात देऊन उभा. समोरचे दोघं यायचे, एक चेंडू घेऊन, एक मोकळा. ह्याच्याकडं जावं तर तो मोकळा, त्याच्याकडं जावं तर हा. आणि त्या हाफला कुणी शिव्या देत नव्हतं, कारण त्यानं गेल्या सामन्यात गोल केला होता. (अजून तसंच आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा आमच्या गावातल्या पोरांना फार अभिमान वाटला. पोरगं फॉरवर्ड. त्यानंतर गावातल्या प्रत्येकाला फॉरवर्डच व्हायचंय. बॅक व्हायला अजून कुणी पुढं येत नाही.)

सामना एक-एक असा सुटला. मला वाटलं आबा दादाला भेटतील. ते आत्याच्या घरी गेले, काकवीची बाटली ठेवली. ‘‘त्याला दे. मी आलो हुतो म्हणू नगंस,’’ म्हणाले, आणि आम्ही एस.टी. पकडली.

रात्री गुऱ्हाळावर टेम्पोवाल्यानं बातमी फोडलेलीच होती. सगळे आबांच्या तोंडाकडं बघत बसले. आबा मळी काढत म्हणाले, ‘‘फुडचा त्यो मागं येतच न्हाई. दोगं एकट्यानं कसं धरावं?’’

मास्तर विचारात पडले. मग म्हणाले, ‘‘पण आबा, हाफ मागं आला तर फॉरवर्डला बॉल कोण देणार?’’

‘‘मागं पाच लावा,’’ टेम्पोवाला म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

होळीला दादा घरी आला. संध्याकाळी गुऱ्हाळावर माझ्या शेजारी बसला. गुडघा सुजलेला. ऊस खाता खाता त्यानं विचारलं, ‘‘काय म्हंत्यात रं हितं माज्याबद्दल?’’

‘‘फुडचा हाफ मागं येत न्हाई म्हंत्यात.’’

तो माझ्याकडं बघतच राहिला. ‘‘कोण म्हणालं?’’

‘‘सगळीच.’’

‘‘आन तू?’’

जळव्यानं आतनं हाक मारली. मी चिपाडाचा भारा उचलला आणि चुलवाणाकडं गेलो.