चोर्ल्याच्या वाटेनं बेळगावला

शनिवारची सकाळ. बाहेर कोसळणारा पाऊस, क्लासला सुट्टी, आणि आमची अकरा वर्षांची लेक शाळेचा प्रकल्प घेऊन बसलेली. प्रश्न होता, ‘तुमच्या बाबांचं गाव कोणतं?’

मी म्हटलं, ‘‘बेळगाव.’’

‘‘मग आपण तिथं कधीच का जात नाही?’’

पर्वरीहून बेळगाव जेमतेम सव्वाशे किलोमीटर. लोक तिथं साड्या घ्यायला सकाळी जाऊन रात्री परत येतात. मी काहीतरी पुटपुटलो. बायको चहाचा कप ठेवत म्हणाली, ‘‘आजच जाऊया. फोन करू नकोस. केलास की तू पुढं ढकलशील.’’ ती मला चांगली ओळखते.

न जाण्याचं कारण तिला ठाऊक होतं. बेळगावात आमचं घर भाड्याचं. आई-बाबा इकडे आल्यावर तिथं आपलं असं काही उरलं नाही; उरलं ते शेजारचं बंड्याचं घर. त्याचे वडील, आप्पा, मे २०२१ मध्ये कोरोनानं गेले. तिकडे लॉकडाऊन, इकडे गोव्यात शिरायला निगेटिव्ह सर्टिफिकेट. मी फोनवर बोललो, रडलोही. ‘जरा निवळलं की येतो’ म्हणालो. निवळलं, पण मी गेलो नाही. आधी सहा महिने, मग वर्ष, आणि मग इतका उशीर झाला की कोणत्या तोंडानं जायचं हेच कळेना.

दहा वाजता निघालो. डिचोली, साखळी, केरी, आणि मग चोर्ल्याचा घाट. पावसाळ्यात हा घाट पाहिला नसेल तर जरूर पाहा, पण गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या. प्रत्येक वळणावर कड्यावरून पाणी उतरतं आणि वर पोचेपर्यंत धुकं इतकं दाटतं की समोरच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसतात. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या सीमा इथं एकमेकींना खेटून आहेत. लेकीचा मोबाइल मात्र कुठल्याच राज्यात नव्हता. रेंज गेली आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली.

कणकुंबीला टपरीवर चहा आणि मिरची भजी घेतली. मलप्रभा नदी या गावात उगम पावते. इथून ती पूर्वेकडे जाते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडे वळते. याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरून गोव्यात येते. पणजीचा पूल ओलांडताना आपण जिला मांडवी म्हणतो, ती हीच. या पाण्यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षं खटला चाललाय, हे लेकीला सांगितलं. तिला भज्यांत जास्त रस होता.

पुढे रस्त्यावरचा एक फलक दिसला. ‘‘बाबा, हे काय लिहिलंय?’’

‘‘बेळगावी.’’ २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून शहराचं अधिकृत नाव हेच आहे. घरात आम्ही बेळगावच म्हणतो.

‘‘तुला कन्नड वाचता येतं?’’

येतं, कारण आप्पा. आमची शाळा मराठी माध्यमाची, पण कन्नड विषय होता आणि त्यात मी कायम गटांगळ्या खायचो. आप्पा पोस्टात होते. दोन्ही लिप्यांतले पत्ते वाचण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. नववीत मी चाचणीत नापास झालो तेव्हा त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि रविवारी सकाळी बंड्याला अन् मला घेऊन शहापूरच्या खडेबाजारात निघाले. प्रत्येक दुकानासमोर थांबायचं, पाटी वाचायची. चुकलं की पुढच्या दुकानापर्यंत गप्प चालायचं. ‘‘मराठी अक्षराच्या डोक्यावर सरळ रेघ, कन्नड अक्षराच्या डोक्यावर तुरा,’’ म्हणायचे. ‘‘ग म्हणजे कमान. बघ, घुसता येतंय काय आत.’’ दहावीला कन्नडमध्ये मला गणितापेक्षा जास्त मार्क पडले. गणित मला बाबांनी शिकवलं होतं, हे बाबा अजून विसरलेले नाहीत.

जांबोटी, पिरनवाडी, उद्यमबाग. शहर ओळखू येईना इतकं वाढलंय. पण कपिलेश्वराजवळ पोचलो आणि हात आपोआप वळले. शहापूर एके काळी सांगली संस्थानात होतं. बेळगाव ब्रिटिशांचं आणि शहापूर पटवर्धनांचं. त्या गल्लीत आजही मागाची खडखड ऐकू आली. लहानपणी त्या आवाजाशिवाय मला झोप यायची नाही.

दार काकूंनी उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेले. क्षणभर पाहत राहिल्या.

‘‘भिजलास न्हवं. ये की आत.’’ मग लेकीकडे पाहून, ‘‘एवढी झाली काय गा ही?’’

मी वाकून नमस्कार केला. बोलायचं होतं ते घशातच राहिलं. आत भिंतीवर आप्पांचा फोटो होता, पोस्टाच्या निरोप समारंभातला.

बंड्या संध्याकाळी दुकानातून आला. मला पाहून चप्पल काढता काढता म्हणाला, ‘‘काय गा, रस्ता चुकलास काय?’’ आणि हात धुवायला निघून गेला. जेवताना तो माझ्या बायकोशी बोलला, लेकीशी बोलला, माझ्याशी नाही. काकू भाकरी वाढत राहिल्या.

रात्री आम्ही दोघंच कट्ट्यावर बसलो. पाऊस थांबला होता.

‘‘तवा आला नाहीस त्याचं काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तवा कोणीच आलं नाही. चौघंच होतो आम्ही. पण मग पुढं? आई दर दिवाळीला म्हणायची, येईल बघ.’’

‘‘लाज वाटत होती बंड्या. जेवढे दिवस जात होते तेवढी वाढत होती.’’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आत गेला आणि कुंद्याचं खोकं घेऊन आला. आम्ही चमच्यांशिवाय, हातानंच खाल्ला.

रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा अंथरुणात लेक नव्हती. काकू म्हणाल्या, बंड्या तिला घेऊन खडेबाजारात गेलाय. तासाभरानं दोघं आली, तिच्या हातात चिरमुऱ्यांची पुडी. ‘‘बाबा, मला ग येतो! कमान!’’ बंड्या माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘तीन पाट्या चुकली. तुझ्यापेक्षा बरी आहे.’’

दुपारी निघालो. काकूंनी बायकोची ओटी भरली आणि माझ्या खिशात जबरदस्तीनं लेकीसाठी पैसे कोंबले. बंड्या गल्लीच्या तोंडापर्यंत गाडीबरोबर चालत आला, पण ‘परत कधी’ असं काही विचारलं नाही.

केरीला उतरलो आणि रेंज आली. त्याचा मेसेज होता.

‘छत्री राहिली तुझी. कुरिअर करणार नाही. येऊन घेऊन जा.’