करमलच्या घाटातली होडी

मे संपत आला की आमच्याकडे होड्या वर ओढायची घाई सुरू होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. चुलतभावाची फायबरची होडी दुरुस्तीसाठी पाळोळ्याहून मडगावला आणायची होती. ट्रेलर उसना, जीप त्याची, शहाणपण माझे. "पुढे विंचचा पट्टा आहे ना? पुरे झाला," असे मीच म्हणालो. मागे नायलॉनची एक भिजलेली दोरी आडवी टाकली, बस्स.

करमलच्या चढणीवर ट्रेलर खड्ड्यात उसळला, दोरी सैल पडली आणि होडी हातभर मागे सरकली. मागे स्कूटरवर एक माणूस, पुढ्यात उभे लहान पोर. त्याचा हॉर्न अजून कानात आहे.

बाजूला थांबलो. भाऊ काही बोलला नाही, तेच जास्त लागले. एक टेम्पोवाला उतरून आला. "पात्रांव, विंच होडी वर चढवायला, बांधायला नव्हे!"

त्याने होडीची नाळ रबरी ठोकळ्याला टेकवली, पुढच्या कडीतून वेगळी साखळी घातली. मागच्या दोन्ही कड्यांतून आपल्या टेम्पोतले रॅचेटचे पट्टे ट्रेलरच्या चौकटीला ताणले. मागचे इंजिन काढून जीपमध्ये ठेवायला लावले. वजन मागे पडले की ट्रेलर शेपटीसारखा हलतो म्हणे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जीपच्या हुकावर हवा. जीपच्या साखळ्याही त्याने हुकाखालून एकमेकींवर फुलीसारख्या अडकवल्या.

पट्ट्यांचे पैसे घेतले नाहीत. "थोडे गेल्यावर परत बघा," एवढेच म्हणाला.

बाळ्ळीला थांबून पाहिले. डावा पट्टा खरेच सैल झाला होता.