रिस्टोअर करून पाहिलंय का?

नव्या ठिकाणचे सर्व्हर ताब्यात आले की मी आधी बॅकअपची चौकशी करतो. ‘रोज रात्री होतो’ हे उत्तर बहुतेक ठिकाणी तयार असतं. ‘शेवटचा रिस्टोअर कधी करून पाहिला?’ असं विचारलं की माणसं एकमेकांकडे बघू लागतात. आमच्या कामाचा दर्जा मी याच प्रश्नावरून जोखतो. फायरवॉल, पॅचेस, पासवर्डचे नियम सगळं हवंच, पण डेटाच परत आणता आला नाही तर सांभाळलं काय?

याचं एक उदाहरण सांगतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री, प्रोग्रॅमरांचा कोड साठवून ठेवणाऱ्या गिटलॅब या कंपनीचा एक इंजिनिअर मागे पडलेला दुय्यम डेटाबेस सर्व्हर नव्याने उभा करत होता. तिथलं डेटाचं फोल्डर उडवायची कमांड त्याने दिली, ती चुकून मुख्य सर्व्हरवर. दोनेक सेकंदांत लक्षात येऊन त्याने ती थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता.

रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत हे कुणाच्याही हातून होईल. मला अस्वस्थ करतं ते पुढचं. रोजचे बॅकअप ॲमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवणीत असायला हवे होते, तिथे काहीच नव्हतं. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं पीजी-डम्प जुन्या ९.२ चं, त्यामुळे ते एरर देऊन बंद पडत होतं. एररचे ईमेल निघत होते, पण ईमेल खऱ्या पत्त्यावरून आला आहे का हे पाहणाऱ्या डीमार्कच्या तपासणीत नाकारले जात होते. सहा तास आधी एका इंजिनिअरने चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, होता, म्हणून निभावलं. तरी सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच कॉमेंट आणि ७०० खात्यांच्या नोंदी गेल्या.

गिटलॅबने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्या इंजिनिअरचं नाव नाही. बॅकअप तपासणं ही नेमकी कुणाचीच जबाबदारी नव्हती, हे कारण मात्र स्पष्ट लिहिलं आहे. आमच्या धंद्यात इतकं सरळ लिहिणारे थोडे, म्हणून मी तो अहवाल प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला देतो.

आमच्याकडे दर तिमाहीला रिस्टोअरची तालीम होते. कोरं मशीन घ्यायचं. बॅकअपची स्क्रिप्ट ज्याने लिहिली त्याने बाजूला बसायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही, काही सुचवायचंही नाही. दुसऱ्याने फक्त लिहून ठेवलेल्या पायऱ्या वाचत डेटाबेस उभा करायचा. अशा वेळी हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या बॅकअपची किल्ली मूळ सर्व्हरवरच असते, जो गेला असं आपण धरून चाललोय. डेटाबेस सुरू झाला तरी तालीम संपत नाही. अकाउंट्सच्या मॅडमना बोलावून आदल्या दिवशीचा ट्रायल बॅलन्स काढायला सांगतो. आकडे जुळले की घड्याळ थांबवायचं आणि लागलेला वेळ वहीत लिहायचा. ‘इतक्या तासांत चालू करू’ हा शब्द साहेबांना द्यायचा तो त्या वहीतून, अंदाजाने नाही.

तुमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारं कुणी असेल तर त्यांना या महिन्यात एक मोकळा दिवस आणि एक रिकामं मशीन द्या. आणि बॅकअप तपासायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.