उसनी साखर, आमची वाटी

८ जून
भाची दहावीत गेली आणि तिचं इंग्रजी माझ्या गळ्यात आलं. आज वहीत वाक्य सापडलं : ‘माय फ्रेंड बॉरोड मी हर सायकल.’ तांबडी रेघ ओढली तर म्हणते, “मावशी, उसनं म्हणजे बॉरो, तूच सांगितलंस ना?” सांगितलं होतं खरं. आपलं उसनं एकच. पुढे घेणं किंवा देणं लावलं की झालं. इंग्रजीत घेणाऱ्याचं क्रियापद बॉरो, देणाऱ्याचं लेंड. मैत्रिणीपासून वाक्य सुरू केलंस तर ‘लेंट मी’, स्वतःपासून केलंस तर ‘बॉरोड फ्रॉम हर’.

९ जून
शब्दकोश काढून बसले. बॉरोच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला ‘बोर्ग’ आहे, म्हणजे तारण, जामीन. लेंड हा ‘लोन’चा भाऊबंद, त्यातला ‘ड’ मुळात नव्हताच, भूतकाळाच्या रूपातून मागाहून चिकटला. जर्मन माणसाचं ‘लाइहेन’ घेण्यालाही चालतं आणि देण्यालाही, म्हणून तोही इंग्रजीत इथेच अडखळतो. हे ऐकून भाचीला फार बरं वाटलं.

११ जून
आज तिने डाव उलटवला. बॉरोला मराठीत एकच शब्द सांग म्हणाली. सांगता येईना. बँकेतून कर्ज काढतो, मित्राकडून हातउसने घेतो, वाचनालयातून पुस्तक नुसतं बदलून आणतो. इंग्रज सगळ्याला बॉरो म्हणून मोकळा. (वाण्याची उधारी त्यात बसत नाही, माल आपला झालेला असतो, राहतात ते पैसे.) वस्तू सहसा उचलून नेण्याजोगी हवी, एवढंच. पाहुणे म्हणून गेल्यावर ‘मे आय बॉरो युअर बाथरूम’ विचारलंत तर यजमान हसतील, तिथे ‘यूज’. वजाबाकीत शेजारच्या दशकाकडून दहा घेतात तेही बॉरोच, आणि ते कोणी परत करत नाही.

१२ जून
शेजारच्या काकू परवा नेलेली साखर परत घेऊन आल्या. साखर उसनी, कारण आली ती दुसरीच. वाटीला उसनी म्हणवत नाही. ती आमचीच, तीच परत आली. इंग्रजीत दोन्ही बॉरोड. इथे मी मराठीला जास्त गुण देते.

भाचीने लगेच दोन वाक्यं लिहिली : काकूंनी साखर ‘बॉरोड’, आपण वाटी ‘लेंट’. दोन्ही बरोबर. मैत्रिणीची सायकल मात्र अजून आमच्याच अंगणात उभी आहे.