आपला नंबर येईपर्यंत

भिलाईत माणसाची चौकशी दोन प्रश्नांनी सुरू होते: सेक्टर कोणता आणि शिफ्ट कोणती. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि गावाची झोप तीन शिफ्टमध्ये वाटली गेली. नागपूर-भंडारा-गोंदियाकडून आलेली आमच्यासारखी मराठी घरंही त्याच घड्याळाला लागली. म्हणूनच इथे व्यायामाचा विषय निघाला की मला वाटतं, यंत्रं किती आहेत हे नंतर बघू. काल रात्री तुम्ही झोपलात का, हे विचारणारं तिथे कुणी आहे का?

आमच्या सकाळच्या गटात आहे. आम्ही सात-आठ जण, एक छोटा हॉल, दोन बार आणि एक सर. नाइट करून थेट आलेला कुणी बारपाशी उभा राहिला की सर त्याच्या डोळ्यांकडे बघतात आणि दोन्ही बाजूंची एकेक प्लेट उतरवून ठेवतात. ‘आज बस इतना ही.’ वजन वाढवायला लावणारे पुष्कळ भेटतात. कुणाचं, कोणत्या दिवशी कमी करायचं हे ओळखायला मात्र तो माणूस रोज डोळ्यांसमोर असावा लागतो.

आमच्यात निवृत्त शिक्षिका असलेल्या एक काकू आहेत. जमिनीवरचं वजन उचलायला त्या वाकल्या की कमरेतून न वाकता पाठ गोल करायच्या. सरांनी एक साधी काठी त्यांच्या पाठीवर उभी धरली. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. काकू वाकल्या आणि काठी खालून सुटली. ‘आंटी, कूल्हे पीछे.’ पुन्हा वाकल्या, आता डोक्यापासून सुटली. आम्ही सगळे श्वास रोखून त्या काठीकडे बघत होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी नितंब मागे गेले, गुडघे किंचित दुमडले, पाठ सरळ राहिली आणि काठी जिथल्या तिथे. त्यांच्यामागून माझा नंबर आला, तेव्हा कुणी मला काही सांगायची गरज पडली नाही. काकूंच्या पाठीवर मी ते शिकून घेतलं होतं.

छोट्या गटाचं मर्म मला इथे सापडतं. बार दोनच, त्यामुळे थांबावं लागतं. थांबलं की बघणं होतं. आणि दुसऱ्याच्या अंगात चूक दिसू लागली की आपल्या अंगातली कळायला वेळ लागत नाही. मोठ्या जिममध्ये हे थांबणंच काढून टाकलेलं असतं. ज्याला त्याला आपलं मशीन, कानात इयरफोन, आणि दुसऱ्याकडे टक लावून बघणं असभ्यपणाचं. ज्याला आपलं आपण करता येतं त्याच्यासाठी अशी जिम सोयीचीच: रात्री उशिरापर्यंत दार उघडं, फी आवाक्यातली. नवख्याला मात्र पहिल्या दिवशी एक कार्ड मिळतं आणि महिने उलटले तरी कार्ड तेच राहतं.

संशोधनही याच बाजूनं बोलतं. ब्राझीलमधल्या पाउलो जेंटिल आणि मार्टिम बोटारो यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवख्या तरुणांचे दोन गट केले होते. व्यायाम तोच, पण एकीकडे पाच जणांमागे एक प्रशिक्षक आणि दुसरीकडे पंचवीस जणांमागे एक. अकरा आठवड्यांनी पाचांच्या गटातल्यांची ताकद जास्त वाढलेली दिसली.

आपल्या तालमींना हे प्रयोगाविनाच ठाऊक होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नव्यानं रुजवलेला मल्लखांब बघा. शिकताना एरंडेल चोळलेल्या त्या एकाच खांबावर एका वेळी एकच जण चढतो. बाकीचे भोवती उभे. वरच्याची पकड कुठे सुटतेय, पाय कुठे अडतोय, हे त्यांच्या नजरेत मुरत जातं आणि वस्तादाचा शब्द एकाला उद्देशून निघाला तरी सगळ्यांच्या अंगी लागतो. १९१४ साली अमरावतीत सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं ही विद्या विदर्भात वाढवली. आज तोच मल्लखांब आमच्या छत्तीसगडच्या अबूझमाडात पोचलाय. मनोज प्रसाद या पोलीस दलातल्या प्रशिक्षकानं तिथल्या आदिवासी मुलांना खांबावर चढवलं आणि २०२३मध्ये त्या मुलांनी ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकलं. त्या जंगलात चकचकीत यंत्रं नव्हती. खांब होता आणि प्रत्येक पोराला ओळखणारा एक माणूस होता.

भिलाईनंही असा माणूस पाहिलाय. पोलाद कारखान्याचे बास्केटबॉल प्रशिक्षक राजेश पटेल यांनी याच गावात छत्तीसगडच्या मुलींचे संघ घडवले आणि त्यांतल्या कितीतरी जणी भारताकडून खेळल्या.

अडचण आहे ती पैशाची. एका प्रशिक्षकाचा तास पन्नास जणांत वाटला तर स्वस्त पडतो, सात जणांत वाटला तर महाग. पण आमच्या सेक्टरांमध्ये मैदानं आहेत, मंडळांची सभागृहं सकाळी रिकामी असतात. जागेचं भाडं वाचलं तर तोच पैसा शिकवणाऱ्याच्या हाती जाईल, आणि निवृत्त काकू, नाइट करून येणारा कामगार, कॉलेजातली पोर एकाच बारभोवती उभी राहू शकतील. एखाद्या मंडळानं गणपतीच्या वर्गणीतून एक बार, थोड्या प्लेटा आणि चांगल्या प्रशिक्षकाचं मानधन एवढं जरी काढलं, तरी मी त्याला उत्तम कार्य म्हणेन. नीट बघायला शिकवणारं कुणी असलं की सात जणांना एक बार पुरतो.